पूर्वजांचा शोध आणि आठवी आज्ञा

जुन्या करारातील एज्राच्या ग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस, एक लहानसा प्रसंग आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून यरुशलेमेस परतलेल्या लोकांची गणती चालली आहे. त्यांत याजकवंशाची म्हणविणारी काही घराणी आहेत. वंशावळीच्या याद्यांत त्यांनी आपली नावे शोधली. ती सापडली नाहीत. तेवढ्यावरून त्यांना याजकपणासाठी अशुद्ध ठरवून बाजूला काढण्यात आले, आणि उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र पदार्थ त्यांनी खाऊ नयेत, असा हुकूम अधिपतीने दिला. ही माणसे खोटे बोलत होती, असे ग्रंथकार म्हणत नाही. यादीत नावे नव्हती, इतकेच तो सांगतो. वंशाच्या नोंदीत नाव सापडणे किंवा न सापडणे ह्याला माणसाच्या आयुष्यात केवढे वजन येऊ शकते, हे त्या दोन-तीन वचनांवरून कळते.

आज ही शोधाशोध घरात बसून होते. अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांनी १८९४ साली स्थापन केलेली युटा येथील वंशशास्त्र संस्था १९३८ पासून देशोदेशीच्या नोंदवह्यांच्या सूक्ष्मफिती तयार करीत आली. तिचीच पुढची आवृत्ती म्हणजे फॅमिलीसर्च. तिचे संकेतस्थळ १९९९ साली सुरू झाले आणि २०२१ पर्यंत सुमारे २४ लाख फिती संगणकावर उतरविण्याचे काम पुरे झाले. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरलेल्या दोन कोटींहून अधिक प्रवाशांची नावे २००१ पासून संगणकावर शोधता येऊ लागली. ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानात राहिलेल्या कुटुंबांचा मागोवा घेणारी एक संस्था इंग्लंडमध्ये १९९८ साली निघाली. तिच्याही याद्या सर्वांना खुल्या आहेत. आडनाव लिहायचे, गाव लिहायचे, सालांची मर्यादा घालायची आणि कळ दाबायची. वसईहून कॅनडाला वा ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुलाला एखाद्या रविवारी दुपारी आपण कोण, कोठले, असा प्रश्न पडतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे शेकडो नावे उभी राहतात.

पूर्वजांचा शोध घेणे वाईट आहे, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आईबापांच्या आईबापांपाशी थांबते असे कोठेही लिहिलेले नाही. दर नोव्हेंबरात आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, तेव्हा ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठीही प्रार्थना करतो. त्यांतले एखादे नाव कळले तर आनंदच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. शोधाअंती जे नाव हाती लागते, ते ‘आमचे’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? आणि जे खरोखरच आपले निघाले, ते चारचौघांत मांडण्याचा?

ज्या वह्यांत आपण शोधतो त्या मुळात कशासाठी लिहिल्या गेल्या, हे आधी पाहिले पाहिजे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी, आपल्या चोविसाव्या बैठकीत, प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची नोंदवही ठेवावी असे ठरविले. वधूवरांची नावे, साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ तीत लिहावयाचे होते. त्याच बैठकीत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवण्याचाही आदेश झाला. चोरून केलेली लग्ने थांबावीत आणि निषिद्ध नात्यांत विवाह होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील माणसांची घरवार गणती अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले. ह्यांपैकी एकही वही कोणाचे कूळ किती उंच हे सांगण्यासाठी निघाली नाही. जमीनदार आणि त्याच्या वाडीत राबणारा दोघेही एकाच वहीत, एकाच शाईने, तारखेच्या क्रमाने येतात. वही कुळाप्रमाणे लावलेली नाही. कुळाप्रमाणे ती लावतो तो शोधणारा.

आता शोधाचे यंत्र कसे चालते तेही थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत अशी असते की, यंत्राने दाखविले म्हणजे ते खरेच असणार. यंत्र ‘हा तुमचा पूर्वज’ असे कधीच म्हणत नाही. ‘तुम्ही लिहिलेल्या अक्षरांच्या जवळपासचे इतके सापडले’ एवढेच ते म्हणते. ही जवळीक मोजण्याची एक जुनी रीत साउंडेक्स ह्या नावाने प्रसिद्ध आहे. रॉबर्ट रसेल ह्या अमेरिकनाने १९१८ साली तिचे पेटंट मिळविले आणि १९३० च्या दशकात अमेरिकेच्या जुन्या जनगणनांच्या सूची तिच्या आधारे तयार झाल्या. रोमन लिपीतील नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढील स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चारगटाप्रमाणे आकडे द्यायचे, आणि तीन आकडे झाले की थांबायचे. रीत चतुर आहे. आपले लोपीस शेवटी ‘एस’ लावून लिहा वा ‘झेड’ लावून लिहा, ते एकाच खणात पडतात. परेरा ह्या नावाच्या निरनिराळ्या लेखनांचेही तेच. पण ह्याच रीतीने डिसा आणि डायस ही दोन निराळी आडनावे एक होतात, दोघांचाही संकेत डी-२००. आणि डिमेलो व मेलो, जी एकाच घराची दोन लेखने असू शकतात, ती दूर फेकली जातात, एक डी-५४० मध्ये व दुसरे एम-४०० मध्ये. आजची यंत्रे ह्याहून हुशार आहेत. अक्षरांच्या जागी तारकाचिन्ह घालून शोधता येते, नेमके तेच लेखन हवे असे सांगता येते, दहा वर्षे मागेपुढे पाहता येते. पण जाळे किती मोठ्या विणीचे टाकायचे हे ठरविणारा हात माणसाचाच असतो. हवे ते नाव मिळेपर्यंत वीण सैल करीत जायची आणि मिळाल्याबरोबर थांबायचे, असा मोह त्या हाताला नेहमीच होतो.

आमच्या भागाच्या बाबतीत तर हा मोह दुप्पट धोक्याचा आहे. वसईला इंग्रज ‘बसीन’ म्हणत. त्याच नावाचे दुसरे शहर ब्रह्मदेशात, इरावतीच्या मुखाशी होते. आज ते पाथेन म्हणून ओळखले जाते. बसीनमध्ये मरण पावलेला एखादा डिसोजा सापडला की, तो आपल्याच पाचूबंदरचा वा पापडीचा असे धरून चालता येत नाही. साष्टी मुंबईलगत आहे तशी गोव्यातही आहे. स्वतःच्या समाजाचे नाव घालून शोधावे तर आणखी गंमत. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मुंबई व उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, धारण केले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कलकत्त्याकडे हाच शब्द मिश्र युरोपीय वंशाच्या लोकांना लावीत असत. हेन्री डेरोझिओने १८३१ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ नावाचे वृत्तपत्र काढले ते त्यांच्यासाठी. आपला समाज समजून त्या काळातील ईस्ट इंडियन गोळा करणारा माणूस दुसऱ्याच कोणाचे पूर्वज घरी आणतो.

आणि आडनावे! बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव घेण्याची चाल होती; तेव्हा एकाच आडनावाची दोन घरे रक्ताने एक असतीलच असे नाही. पोर्तुगीज अमलात गुलामांनाही बाप्तिस्मा दिला जाई आणि धन्याचे आडनाव पुढे त्यांच्या मुलाबाळांचे म्हणून चालू शके. एका ओळीत डोम नावाचा बिरुद लावणारा उमराव आणि पुढच्या ओळीत त्याचा गुलाम, दोघांचे आडनाव तेच. शोधणारा ह्या दोघांपैकी कोणाला आपला खापरपणजोबा म्हणून निवडतो? उत्तर वाचकांना ठाऊक आहे.

येथे आपण विषयाच्या गाभ्यापाशी येतो. आमच्या समाजात पूर्वजांचा शोध बहुधा कोणत्या तरी उत्तराच्या मागावर असतो. कोणाला घराणे मूळचे ब्राह्मण होते असे सिद्ध करावयाचे असते, कोणाला क्षत्रिय, आणि कोणाला थेट लिस्बनचे. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी, आगरी ह्या भेदांना आपण वेदीपाशी थारा देत नाही असे म्हणतो. पण सोयरीक जुळविण्याची वेळ आली की, ते भेद बैठकीच्या खोलीत येऊन बसतात हे आपण सगळे जाणतो. अशा वेळी ‘आम्ही शोध घेतला आहे, आमचे मूळ अमुक’ हे वाक्य फार उपयोगी पडते. त्यात शास्त्राचा आव असतो. गलतीकरांस लिहिताना संत पौलाने जो यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हा भेद बाप्तिस्म्यात मिटविला, तो बाप्तिस्म्याच्याच नोंदवहीतून पुन्हा उकरून काढला जातो.

हिशेबाने पाहिले तरी ह्या अभिमानात अर्थ नाही. दहा पिढ्या मागे गेले की, प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. आडनावाच्या धाग्याला धरून आपण त्यांतील एका जागेपर्यंत पोहोचतो आणि म्हणतो, आम्ही ह्याचे. उरलेल्या १०२३ जागांवरच्या माणसांचे काय? त्यांत निम्म्या तर बायका आहेत. त्यांची माहेरची आडनावे लग्नाबरोबर मागे पडली आणि पुष्कळ ठिकाणी नोंदीत ‘अमुकाची पत्नी’ एवढेच उरले. शोधाच्या चौकटीत आडनाव लिहिताच त्या सगळ्या गळून जातात. ज्यांनी घराण्याला जन्म दिला, त्यांचे घराण्यात नावही नाही.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? तीनशे वर्षांपूर्वीचा एखादा परेरा चुकून आपल्या वंशवृक्षावर टांगला गेला, तर कोणाचे काय बिघडले? आम्हांस हा आक्षेप वरवरचा वाटतो. तो परेरा कोणाचा तरी खरा पूर्वज आहे. आपण त्याला हलविले की, त्याच्या खऱ्या वंशजांची वाट बुजते. कारण हल्ली एकाने मांडलेला वंशवृक्ष दुसरा उतरून घेतो, त्याच्यावरून तिसरा, आणि थोड्याच दिवसांत एकच चूक दहा ठिकाणी दिसू लागते. मग अकरावा शोधणारा म्हणतो, दहा ठिकाणी आहे म्हणजे खरेच असले पाहिजे. दहा साक्षीदार आणि दहा नकला ह्यांतला फरक यंत्र सांगत नाही. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा. मेलेला शेजारी आपल्या बाजूने उभा राहून ‘हा माझा नातू नव्हे’ असे सांगू शकत नाही. म्हणून तर त्याच्याविषयी साक्ष देताना अधिक जपले पाहिजे. आवडला म्हणून परका पूर्वज घेणे ही जशी खोटी साक्ष, तशीच नावडता म्हणून आपला पूर्वज गाळणे हीही.

ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले पान उघडावे. ख्रिस्तजयंतीच्या सुमारास ती लांबलचक वंशावळ वाचली जाऊ लागली की, आपण मनातल्या मनात ती कधी संपते ह्याची वाट पाहतो. पण तिच्यात पवित्र मरियेच्या आधी चार स्त्रिया आल्या आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी. वंशाचा डौल मिरवावयाचा असता तर साराचे नाव होते, रिबेकाचे होते, राहेल व लेआ होत्या. मत्तयाने त्या घेतल्या नाहीत. सासऱ्यापासून जिला मुले झाली ती, यरीहोची वेश्या, मवाबाहून आलेली परदेशी विधवा, आणि जिच्यासाठी राजाने तिचा नवरा मारविला ती, ह्या चौघी त्याने घेतल्या. लूकची वंशावळ मत्तयाशी जुळत नाही, योसेफाच्या बापाच्या नावापासूनच जुळत नाही; आणि ख्रिस्तसभेने दोन्ही तशाच शेजारी ठेवल्या, एकीचे घासूनपुसून दुसरीशी मेळ घातला नाही. आपल्या घरच्या कागदांत आजोबांची दोन नावे निघाली तर आपण एक खोडून टाकतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सेबास्तियन आणि गावात बस्त्याव, वहीत जुझे आणि हाकेला जुजे, असे आपल्याकडे घरोघर आहे. दोन्ही लिहून ठेवावीत, हे बरे.

नोंद नसणे म्हणजे वंश नसणे नव्हे, हेही पवित्र शास्त्रच सुचविते. एज्राच्या यादीतून बाजूला काढलेल्या घराण्यांत एक हक्कोसाचे होते. पुढे नहेम्याच्या ग्रंथात यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांत हक्कोसाचा नातू, उरीयाचा पुत्र मरेमोथ भेटतो. आणि एज्राच्याच आठव्या अध्यायात मंदिराचे सोनेरुपे तोलून ज्या याजकाच्या हाती सोपविले, तोही उरीयाचा पुत्र मरेमोथच आहे. हे दोघे एकच असतील, आणि तसेच दिसते, तर ज्या घराचे नाव वहीत सापडले नव्हते, त्याच घराच्या हाती मंदिराची तिजोरी आली. मध्ये काय घडले ते शास्त्र सांगत नाही.

येथवर खोट्या साक्षीबद्दल बोललो. आता त्याहून अवघड गोष्ट, खऱ्या साक्षीची. समजा, शोधता शोधता एखाद्याला आपल्या पणजीच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली आणि बापाच्या नावाचा रकाना कोरा निघाला. शंका नाही, आडनावाचा घोटाळा नाही, नोंद पणजीचीच आहे. घरात आजवर सांगितलेली गोष्ट वेगळी होती. हे आता सर्वांना दिसेल अशा वंशवृक्षावर लिहावे काय? पुष्कळ तरुण म्हणतील, लिहावे. सत्य ते सत्य, आणि काळ बदलला आहे. त्यांचा प्रामाणिकपणा आम्हांस आवडतो. तरी आठवी आज्ञा एवढ्यावर संपत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात ह्याच आज्ञेखाली दोन गोष्टी सांगितल्या आहेत: सत्य सांगण्याचा हक्क बिनशर्त नाही, आणि योग्य कारणावाचून दुसऱ्याचे दोष, ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांच्यापुढे उघड करणे हा अपराध आहे, मग ते दोष खरे का असेनात. शिवाय कोऱ्या रकान्यात दोष कोणाचा हे कोण सांगणार? त्या आईवर जुलूम झाला असेल. तिने ते नाव मुद्दाम घेतले नसेल.

नोंदवही लिहिणाऱ्यांनी ह्याचा विचार केलेला आहे. १९८३ च्या धर्मविधानाचे ८७७ वे कलम सांगते की, अविवाहित मातेच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तर, तिचे मातृत्व सर्वश्रुत असेल किंवा ती स्वखुशीने, लेखी वा दोन साक्षीदारांसमक्ष, तसे मागेल, तरच तिचे नाव लिहावे. आणि बापाचे नाव, त्याचे पितृत्व सरकारी दाखल्याने सिद्ध असेल किंवा त्याने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर कबूल केले असेल, तरच. नाही तर बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव लिहावे आणि आईबापांचा उल्लेख करू नये. म्हणजे तो कोरा रकाना लेखनिकाच्या आळसाने कोरा राहिलेला नसतो. कित्येकदा तो कोणाच्या तरी विनंतीवरून, जाणूनबुजून कोरा ठेवलेला असतो.

अशा वह्या परक्यांच्या हाती जाव्यात की नाहीत, हा वाद रोमपर्यंत गेला होता. २००८ साली धर्मगुरूविषयक खात्याने जगभरच्या बिशपांना पत्र लिहून, बाप्तिस्म्याच्या वह्या युटाच्या त्या संस्थेस चित्रित करू देऊ नयेत असे कळविले. मृतांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची मॉर्मनांची चाल हे कारण होते. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या यहूद्यांची नावे त्या विधीत घेतली जात होती, म्हणून यहूदी संघटनांनी आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये ते थांबविण्याचा करार करून घेतला. मेलेल्याच्या नावावर जिवंतांचा किती हक्क, हा प्रश्न केवळ आपला नाही, हे ह्यावरून दिसते. आम्हांस मात्र वाटते की, धर्मतत्त्वाचा वाद बाजूला ठेवला तरी त्या पत्रामागे एक साधी माणुसकीची बाजू आहे. त्या आईने आपले गाऱ्हाणे एका धर्मगुरूला सांगितले होते, साऱ्या जगाला नाही.

मग शोध थांबवावा काय? नाही. आम्ही एवढेच सुचवितो की, सापडलेल्या प्रत्येक नावापुढे ते कोठे सापडले, कोणत्या वहीत, कोणत्या साली, हे लिहावे. आणि खात्री नसेल तेथे ‘खात्री नाही’ असे स्वच्छ लिहावे. वंशवृक्षावर रिकामी चौकट असण्यात कमीपणा नाही. आजीचे माहेर कोणते हे आजी हयात आहे तोवर विचारून घ्यावे. ते कोणत्याही संगणकात मिळणार नाही. आणि त्या कोऱ्या रकान्यासारखे काही हाती आले तर ते संगणकावर चढविण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी, बहुधा एखाद्या म्हाताऱ्या मावशीपाशी किंवा आत्येपाशी, एकट्याने जाऊन बसावे. तिला ते ठाऊक असण्याचा संभव पुष्कळ आहे. कदाचित तीच सगळी हकीकत सांगेल. ती नको म्हणाली तर ती जिवंत असेपर्यंत लिहू नये. नोंद कोठे जात नाही. वही धर्मग्रामाच्या कपाटात आहे.